गाडीचा मोसम

आपल्याकडे दुचाकी कधी बंद असते? पंक्चर झाली तर, पेट्रोल संपलं तर, नाहीतर पोरगा दहावीला बसलाय म्हणून बापाने किल्ली लपवून ठेवली तर. एरवी बाराही महिने ती रस्त्यावर. पावसाळ्यात रेनकोट, थंडीत कानटोपी, उन्हाळ्यात तोंडाला स्कार्फ. ऋतूप्रमाणे माणसाचा पेहराव बदलतो, गाडी काही थांबत नाही. त्यामुळे 'मोटारसायकल चालवण्याचा मोसम' असं काही असतं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गंमतच वाटली. आंब्याचा मोसम असतो, लग्नसराई असते, उसाचा गळीत हंगाम असतो. गाडीचा कसला आलाय मोसम?

पण असतो. आणि तो संपतो कसा, पुन्हा सुरू होतो कसा, हे मला एका हिवाळ्यात जवळून बघायला मिळालं. माझी लेक अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन या गावी राहते. २०२२ च्या सप्टेंबरअखेरीस मी तिच्याकडे गेले आणि २०२३ च्या मार्चअखेरीस परत आले. म्हणजे बरोब्बर तिथला अख्खा हिवाळा माझ्या वाट्याला आला! "आई, लोक उन्हाळ्यात येतात गं," असं लेक म्हणत होती. पण नातीच्या शाळेच्या आणि यांच्या नोकरीच्या गणितात माझी गरज हिवाळ्यातच होती. आजीचा मोसम नातवंडांवर ठरतो, त्याला इलाज नाही.

मॅडिसन ४३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नकाशावर बोट सरळ पूर्वेकडे नेत गेलात तर दक्षिण फ्रान्स लागतो, जिथे लोक हिवाळ्यात ऊन खायला जातात. मग इथे एवढी थंडी का? कारण समुद्र लांब. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, जमीन पटकन तापते आणि पटकन निवते. त्यात उत्तरेला कॅनडापर्यंत आडवा डोंगर नाही, त्यामुळे ध्रुवाकडची हवा थेट अंगणात येते. (वर्गात भूगोल शिकवताना 'खंडांतर्गत हवामान' हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेन! तो अंगावर घ्यायचा योग मात्र सत्तरी उलटल्यावर आला.) जानेवारीत रात्री पारा उणे दहाच्या खाली जाणं हे तिथे रोजचं, आणि वर्षभरात पडणारा बर्फ एकावर एक रचला तर सव्वा मीटरच्या आसपास भरतो.

आता अशा गावात मोटारसायकल कोण घेईल, असं तुम्हाला वाटेल. तर मंडळी, जगप्रसिद्ध हार्ले-डेव्हिडसन ही याच राज्यातली! मॅडिसनहून गाडीने दीड तासावर मिलवॉकी शहर आहे, तिथे १९०३ साली एका लाकडी शेडमध्ये या कंपनीची सुरुवात झाली. जिथे पाच महिने दुचाकी काढता येत नाही, तिथेच लोक दुचाकीवर एवढा जीव टाकतात. मला आधी हे कोडं वाटलं. पण नंतर वाटलं, आपण तरी आंब्यावर एवढा जीव का टाकतो? तो वर्षभर मिळत असता तर त्याला कोणी एवढं डोक्यावर घेतलं असतं का?

माझ्या जावयाची गाडी मात्र हार्ले नव्हे. ती नारिंगी रंगाची केटीएम ३९० ड्यूक. कंपनी ऑस्ट्रियाची, पण ही गाडी बनली आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात! पुण्याहून नाशिकला जाताना ज्या चाकणच्या ट्रॅफिकला आपण हात जोडतो, तिथली पोर ही, सातासमुद्रापार येऊन बर्फाच्या देशात नांदत होती. मला तिच्याबद्दल लगेच माया वाटली. आमच्या दोघींचं गोत्र एक आणि हवामानही एक. थंडीने कुडकुडायची पाळी दोघींवर सारखीच.

तर मोसम संपण्याची सुरुवात ऑक्टोबरात होते. मॅडिसनच्या आसपासच्या डोंगराळ भागात दर वर्षी मेच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी शेकडो मोटारसायकलस्वार जमतात आणि पाइन ब्लफ नावाच्या खेड्यापासून लीलँड नावाच्या खेड्यापर्यंत वळणावळणाच्या रस्त्याने जातात. तसं त्याला आमंत्रण नाही, फी नाही, अध्यक्षीय भाषण तर नाहीच नाही. नुसतं ठरलेलं आहे. मेमध्ये मोसमाला या म्हणायचं, ऑक्टोबरात निरोप द्यायचा. २०२२ साली तो रविवार होता २ ऑक्टोबर. जावई जाऊन आले, आणि तीनच दिवसांनी आपला दसरा!

मी म्हटलं, गाडी धुऊन ठेवा, पूजा करू. अंगणातला झेंडू थंडीने अजून गेला नव्हता. हार केला, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारचे एक गृहस्थ कुंपणापलीकडून बघत होते. माझी नात त्यांना आजोबा म्हणते म्हणून मीही 'शेजारचे आजोबा'च म्हणते, प्रत्यक्षात ते माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. त्यांनी विचारलं, हे काय? लेकीने समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मीही दर ऑक्टोबरात गाडी अशीच धुतो. फक्त मी तिला झोपवायला धुतो." त्यांच्या गॅरेजमध्ये साडेतीनशे किलोंच्या वर वजनाची हार्ले होती. हत्तीच म्हणा ना!

गाडी खरोखर बंद कधी करायची, याबद्दल मात्र जावई आणि आजोबा यांच्यात मतभेद. जावयांचं म्हणणं, बर्फ पडेपर्यंत चालवू. आजोबांचं म्हणणं, बर्फ ही शेवटची गोष्ट, धोका त्याच्या आधी सुरू होतो. हे त्यांनी मला एकदा सविस्तर सांगितलं, लेक मधे दुभाषी. मी वहीत टिपून ठेवलं (सवय जात नाही!).

पहिलं म्हणजे वारा. बाहेर शून्य अंश असताना गाडीवरून ताशी शंभर किलोमीटरने निघालात, तर उघड्या कातडीला ते उणे दहासारखं लागतं. बोटं आधी बधिर होतात, आणि ब्रेक नि क्लच तर बोटांनीच दाबायचे. हँडलच्या मुठी गरम करायची सोय मिळते, बॅटरीवर गरम होणारी जाकिटंही मिळतात. पण थंडीने माणूस नुसता गारठत नाही, त्याची बुद्धीही मंद होते, आणि ते त्याचं त्याला कळत नाही.

दुसरं टायर. रबर थंडीत कडक होतं. साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरची रस्त्यावरची पकड कमी होऊ लागते. रस्ता कोरडा दिसतो, ऊन पडलेलं असतं, आणि तरी ब्रेक लावल्यावर गाडी नेहमीच्या ठिकाणी थांबत नाही.

तिसरं म्हणजे रस्त्यावरचा न दिसणारा बर्फ. पातळ, पारदर्शक थर. खालचं डांबर दिसतं म्हणून वाटतं रस्ता ओला आहे, प्रत्यक्षात ती काच असते. पुलावर आणि झाडांच्या सावलीत तो आधी धरतो. चारचाकी घसरली तर घसरते, दुचाकी घसरली तर पडते.

चौथं हरण. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा काळ, तेव्हा ती बेभान रस्ता ओलांडतात. गाड्यांची हरणांशी टक्कर होण्याचे प्रसंग तिथे याच दोन महिन्यांत सगळ्यात जास्त. त्यात दिवस लहान होत जातो. डिसेंबरात तर साडेचारच्या आतच सूर्य मावळतो!

आणि पाचवं मीठ. हे मला नवीन होतं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात हे ऐकून होते, पण किती? ट्रकच्या ट्रक! मिठाच्या पाण्याला गोठायला जास्त थंडी लागते, म्हणून ही युक्ती. उणे नऊ-दहाच्या खाली साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही, मग दुसरे क्षार किंवा वाळू. विस्कॉन्सिन म्हणजे चीजचं राज्य, तर तिथे काही ठिकाणी चीज कारखान्यातलं उरलेलं खारं पाणीसुद्धा रस्त्यावर फवारलं आहे! पण हे मीठ गाडीच्या चेनला, नटबोल्टांना, चकचकीत पाइपांना खाऊन टाकतं. म्हणून आजोबांचा नियम सोपा होता: मिठाचा पहिला ट्रक दिसला की त्या वर्षाची गाडी बंद. कॅलेंडर बघायचं नाही, आकाश बघायचं नाही, ट्रक बघायचा.

त्या वर्षी तो नोव्हेंबरात दिसला. दिवाळी होऊन गेली होती. पुढच्या शनिवारी आजोबा आमच्या गॅरेजमध्ये आले आणि दोघांनी मिळून चाकणच्या पोरीला निजवलं. मी खुर्ची टाकून बघत बसले, कारण असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पावसाळ्यापूर्वी कोकणात बेगमी करतात ना, तसा थाट! आधी इंजिनातलं ऑइल बदललं, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये ओल आणि आम्ल साठतं, ते पाच महिने आत राहिलं तर आतले भाग खातं. मग टाकी काठोकाठ भरली. रिकाम्या जागेत दमट हवा राहते, तिचं पाणी होतं आणि टाकी गंजते. पेट्रोल नासू नये म्हणून त्यात एक औषध घातलं आणि ते सगळीकडे पोचावं म्हणून इंजिन पाचेक मिनिटं चालवलं. लोणच्याच्या बरणीत वरपर्यंत तेल ठेवतो त्यातलंच शास्त्र हे.

बॅटरीला बारीकसा चार्जर लावला, जो हवी तेवढीच वीज देतो. उतरलेली बॅटरी थंडीत गोठून फुटू शकते, भरलेली सहसा गोठत नाही. गाडी स्टँडवर चढवून चाकं अधांतरी केली. आणि शेवटी सायलेन्सरच्या तोंडात आजोबांनी काय कोंबलं असेल? भांडी घासायची तारेची घासणी! का, तर हिवाळ्यात उंदीर उबेला आत शिरतात आणि घरटी करतात. वसंतात ती काढायची आठवण राहावी म्हणून हँडलला एक लाल फडकं बांधलं. मला आपल्या पदराची गाठ आठवली. मग वर चादर पांघरली, हवा खेळेल अशी सुती.

"मधेमधे जरा चालू करून बघू का?" जावयांनी विचारलं. आजोबा म्हणाले, नाही. गॅरेजमध्ये दोन मिनिटं चालू करून बंद केली तर इंजिन पुरतं तापत नाही, आत नुसती वाफ धरते. झोपवली ना, मग झोपू दे.

पुढचे महिने कसे गेले ते काय सांगू. नाताळाच्या आधी अमेरिकेत मोठं शीतवादळ आलं, दार उघडलं तर नाकातला ओलावा गोठायचा. गावातलं मेंडोटा तळं डिसेंबरअखेरीस गोठलं आणि त्यावर माणसं खुर्च्या टाकून, भोकं पाडून मासे धरायला बसली! काही उत्साही मंडळी चाकांना शेकडो खिळे-स्क्रू ठोकून अशा गोठलेल्या तळ्यांवर मोटारसायकलच्या शर्यतीही लावतात. पण बाकी सगळे थांबलेले. जावई रात्री जेवण झाल्यावर उगाच गॅरेजमध्ये जाऊन चार्जरचा हिरवा दिवा बघून येत. एका रविवारी आम्ही सगळे मिलवॉकीला हार्लेच्या संग्रहालयात गेलो, २००८ साली उघडलेलं. बाहेर बर्फ आणि आत ही गर्दी! माणसं जुन्या गाड्यांपुढे देवळातल्यासारखी उभी. चालवता येत नाही तेव्हा निदान दर्शन तरी.

आपल्याकडच्या लोकांना बर्फ आणि मोटारसायकल म्हटलं की लडाख आठवतं. माझे काही विद्यार्थी मनालीहून लेहला मोटारसायकलने जाऊन आलेत. रोहतांगच्या खालून ९ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, तरी पुढचा बारालाचा घाट हिवाळ्यात बर्फाने मिटतोच. पण तो प्रवासाचा मोसम. घरची रोजची गाडी पाच महिने बंद ठेवायची, हे वेगळं. त्याला आपल्याकडे जवळचं उदाहरण सापडतं ते कोळ्यांचं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, जाळी दुरुस्त करतात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा निघतात. थांबण्यात त्यांना कोणी भित्रं म्हणत नाही. कारण सगळेच थांबलेले असतात.

२२ मार्च २०२३ ला गुढीपाडवा होता. तिथे गॅलरीत गुढी उभारली, खाली अंगणाच्या कडेला काळा पडलेला बर्फ अजून होता. जावयांनी लाल फडकं सोडलं, घासणी काढली, एका झटक्यात गाडी चालू झाली. पण लगेच बाहेर काढली नाही. कारण मोसम सुरू होतानाही तो फसवतो. हिवाळ्याभराची वाळू आणि मीठ रस्त्याच्या वळणांवर साचलेलं असतं, एकदोन मोठ्या पावसांनी ते धुवून जावं लागतं. भेगांत पाणी शिरून गोठतं, फुगतं आणि वितळतं, त्याने खड्डे पडलेले असतात (हे वाचून सातारकरांना बरं वाटेल!). चारचाकीवाल्यांची दुचाकी बघायची सवय गेलेली असते, म्हणून मे महिना तिथे 'मोटारसायकलकडे लक्ष द्या' असं सांगण्याचा पाळतात. आणि चालवणाऱ्याचा स्वतःचा हातही गंजलेला असतो.

त्याच आठवड्यात मी जे पाहिलं, त्यासाठी खरं तर हा सगळा लेख लिहिते आहे.

आजोबांनी गॅरेजचं दार उघडलं. गाडीवरची चादर काढली. बाजूच्या स्टँडवर कललेला तो हत्ती दोन्ही हातांनी सरळ उभा केला, पाय रोवले, क्षणभर थांबले, आणि इंजिन चालू न करता ढकलत ढकलत बाहेर अंगणात आणला. उंबऱ्याला छोटासा चढ आहे, तिथे जरा अडले. जावई पुढे झाले, तर त्यांनी मान हलवून थांबवलं. चढ पार झाला. मग ते आमच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "या वर्षी चालवणार."

लेकीने मला नंतर सांगितलं, हे ते दर वर्षी करतात. सत्तरी झाल्यापासूनचा त्यांचा नियम. वसंतात गाडी एकट्याने उभी करून, एकट्याने बाहेर आणता आली तर ते वर्ष चालवायचं. नाही आली तर विकायची. बायकोशी वाद नको, मुलांची विनवणी नको, डॉक्टरांची चिठ्ठी नको. वर्षातून एक परीक्षा, परीक्षक आपणच, आणि निकाल जो लागेल तो मान्य.

चौतीस वर्षं मुलांच्या परीक्षा घेतलेल्या माझ्यासारखीला हे ऐकून गप्पच व्हायला झालं. कारण त्याच सुमारास हा विषय माझ्या घरातही चालू होता. मी १९८१ पासून दुचाकी चालवते. आधी लूना, तेव्हाच्या अहमदनगरला बनायची, पॅडल मारून चालू करायची ती. पुढे टोपलीत वह्यांचे गठ्ठे, मागे एखादं शाळकरी पोर, अशी ती गावभर ओळखीची होती. नंतर स्कूटर आली. आमचे हे गेल्यानंतर तर बँक, दवाखाना, भजनी मंडळ, मंडई, सगळं मी तिच्यावरच करते. पुण्याचा मुलगा दर भेटीत म्हणतो, "आई, आता पुरे. रिक्षा लाव." त्याची काळजी खरी आहे. पण रिक्षा लावणं म्हणजे दर वेळी कुणाला तरी विचारून घराबाहेर पडणं, हे त्याला कसं सांगू? गाडी सोडायची म्हणजे नुसती गाडी सुटत नाही. म्हणून तो म्हणायचा सोड, मी म्हणायचे बघू. दोन्ही बाजूंना फक्त 'कायमची' किंवा 'कायमची नाही' एवढंच. मधे काही नव्हतंच.

तिथल्या बर्फाने मला हे मधलं दाखवलं. तिथे थांबणं म्हणजे हरणं नव्हे, कारण निसर्गच सगळ्यांना एकदम थांबवतो, विशीतल्या पोराला आणि सत्तरीतल्या आजोबांना सारखंच. आणि पुन्हा सुरू करताना प्रश्न आपोआप समोर येतो: जमेल का? आपल्याकडे वर्ष अखंड चालू असतं, म्हणून हा प्रश्न कधी उभाच राहत नाही. तो उभा राहतो तो पडल्यावर, खुब्याचं हाड मोडल्यावर. तोवर उत्तर दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं. जर्मनीत तर १९९७ पासून अशी सोय आहे म्हणे की गाडीच्या नंबरप्लेटवरच मोसमाचे महिने छापून मिळतात, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, आणि त्याबाहेर गाडी रस्त्यावर आणायची नाही. मर्यादा पाटीवर लिहून मिरवायची, ही कल्पना मला फार आवडली.

मग मी माझा मोसम ठरवला. बर्फ नसला तरी आपल्याकडे पाऊस आहे. चातुर्मासात कोणी कांदा सोडतं, कोणी वांगं सोडतं. मी आषाढी एकादशीला गाडी सोडते. ओले रस्ते, खड्ड्यात साचलेलं पाणी, मधेच येणारा अंधार, हे सगळं त्या महिन्यांतच. रिक्षा, नाहीतर पायी. माझा चातुर्मास मात्र दसऱ्यालाच संपतो, विठोबा सांभाळून घेईल! दसऱ्याला गाडी धुवायची, आणि हार घालण्याआधी परीक्षा: एकटीने मधल्या स्टँडवर चढवायची, उतरवायची, आणि फाटकाबाहेर काढून अंगणात परत वळवून आणायची. त्याआधी डोळे तपासून घ्यायचे. दिवेलागणीनंतर गाडी नाही, हे बाराही महिने. हे सगळं कागदावर लिहून त्याची एक प्रत मुलाला दिली. त्याने वाचलं, जरा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ठीक आहे. पण नापास झालीस तर फेरपरीक्षा नाही हं." मी म्हटलं, कबूल.

मोसमाच्या कडा मात्र हल्ली तिथेही सरकू लागल्यात. मेंडोटा तळं कधी गोठलं, कधी वितळलं याची नोंद एकोणिसाव्या शतकापासून आहे. पूर्वी सरासरी चार महिने गोठलेलं असायचं, आता तीन महिनेही धड नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तर जेमतेम दीड महिना. त्या फेब्रुवारीत इतकं गरम झालं की ८ तारखेला मॅडिसनच्या दक्षिणेला चक्रीवादळाचा सोंड्या उतरला, विस्कॉन्सिनमध्ये फेब्रुवारीत असं पूर्वी कधी नोंदलेलं नव्हतं. गरम दिवस बघून जावयांनी चादर काढली, तर आजोबा म्हणाले, "ऊन आलंय, मोसम नाही आला. रस्त्यावरचं मीठ अजून तिथेच आहे." जावयांनी चादर परत घातली. निसर्ग जसजसा थांबवायचं सोडून देईल, तसतसं तिथल्यांनाही आपलं आपण थांबावं लागणार, आपल्यासारखंच.

२०२५ च्या एप्रिलमध्ये लेकीचा फोन आला. आजोबांनी गाडी उभी केली, उंबऱ्यापर्यंत आणली, पण चढ काही पार होईना. तिसऱ्या खेपेला त्यांनी जावयांना हाक मारली, दोघांनी मिळून बाहेर आणली. दुसऱ्या दिवशी गाडीवर विक्रीची पाटी होती. लेक म्हणाली, "आम्ही म्हटलं, एक हात लावला तर काय बिघडलं? तर म्हणाले, नियम मीच केलाय." गाडी शेजारच्या गावातल्या एका तरुणाने नेली. त्याला टाकी कशी भरायची, घासणी कुठे लावायची, सगळं नीट समजावून दिलं म्हणे.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, भीतीही वाटली. २०२५ च्या दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, स्टँडवर गाडी चढवताना त्यांचा तो उंबरा डोळ्यांसमोर होता. पहिल्या झटक्यात चढली. पण आधीच्या वर्षीपेक्षा जोर जास्त लागला, हे मला कळलं, आणि मी ते वहीत लिहून ठेवलं आहे.

आजोबा अजून दर नोव्हेंबरात जावयांची गाडी निजवायला येतात. लाल फडकं तेच बांधतात.